वकिलाचा मागचा पाय

२६ नोव्हेंबर १९७८, रविवार. हिंगणघाट

...आधी चूल पेटवली, मग अंगणात सडा टाकला, मग वकिलाच्या ताटलीत रात्रीची भाकर दुधात कुस्करली. यांचा डबा भरला. सायकलच्या कॅरियरला लसीची पेटी बांधता बांधता यांनी विचारले, "दोरी हाय का एखादी?" मी म्हटले, "खुंटीले हाय, पाहा ना." पाहिली, बांधली, गेले. सायकल स्टँडवर ठेवून गिरडची गाडी धरली. तिकडे गुरांना लस टोचून झाल्यावर एका शेतकऱ्याच्या ओट्यावर पाणी मागितले आणि पाणी येईपर्यंत गेलेही.

यांना जाऊन पाच महिने झाले. ती सकाळ मी पुष्कळदा उलटीपालटी करून पाहते. दर वेळी तेच सापडते. चूल, सडा, भाकर, दोरी.

ही डायरी औषधाच्या कंपनीने यांना दिलेली. जनावरांच्या दवाखान्यात स्टॉकमन असल्यामुळे दर वर्षी एक मिळायची आणि कोरी राहायची. मी म्हटले, महिनाभराची पाने तरी भरावीत.

डायरीखाली एक फॉर्म होता. नागपूरच्या कुत्र्यांच्या प्रदर्शनाचा, २१ जानेवारीचा. यांनी आधीच भरून ठेवलेला. जात अल्सेशियन. कुत्र्याचे नाव वकील. (पाठीवर काळा कोट आहे म्हणून यांनी ठेवलेले.) मालक रूपराव भोयर. रिंगणात कुत्रा धरणार, सौ. मनकर्णा रूपराव भोयर.

मला एका शब्दानेही विचारलेले नाही. साहेब लोकांसमोर जायला हे लाजायचे. माझ्या नावाआड लपायची जुनी सवय. मुलीला मागणी घालायला आलेल्यांशीही मलाच पुढे करून बोलायला लावले होते.

२९ नोव्हेंबर

ऑफिसचे पत्र. ३१ जानेवारीपर्यंत क्वार्टर रिकामे करून द्यावे. नवीन स्टॉकमन सहकुटुंब येणार आहेत. पत्रात 'आपल्या दुःखात सहभागी आहोत' हे वाक्य तारखेच्या नंतर घातले आहे.

दुपारी आर्वीकडून माझा धाकटा भाऊ बबनराव आला. "बाई, तुले जागा हाय. गोठ्याच्या बाजूची खोली खाली करून देतो."

"आन् वकील?"

"तुले जागा हाय, कुत्र्याले नाई. आनंदा म्हणते, गाय व्याले झाली हाय, असं लांडग्यावानी कुत्रं पाहून वासरू फेकीन ते."

आनंदा म्हणजे भावजय. तिचे काही चूक नाही. वकील दिसतो तसाच.

३ डिसेंबर

गावात कापसाचे जिनिंग चालवणाऱ्या प्रभाकररावांकडे जाऊन आले. त्यांना फाटकावर कुत्रा हवा आहे. ते म्हणाले, "गावठी मले शंभर भेटतात. असल पाह्यजे. नागपूरच्या शोमधून कार्ड आणा, म्हणजे मी समजीन असल हाय. मंग आजन्म सांभाळीन."

जागा पाहिली. निंबाची सावली आहे. साखळीचा खुंटा मजबूत आहे. खुंट्याभोवती मातीत एक गोल आहे, आधीच्या कुत्र्याने आठ वर्षे फिरून केलेला. परातीसारखा गुळगुळीत. स्वच्छ जागा वाटली.

घरी येऊन फॉर्मवर मालकाच्या जागी माझे नाव लिहिले. खाली धरणाऱ्याच्या रकान्यात 'सौ.' खोडून 'श्रीमती' लिहिले. रकाना लहान आहे, शब्द मोठा आहे. मावला कसाबसा.

५ डिसेंबर

यांच्या खणात कुत्री कशी दाखवावीत याचे एक पुस्तक निघाले. इंग्रजी. मी चौथी पास. बाकीचे शिक्षण नगर वाचनालयाची कपाटे आणि हे आणत ती रद्दी. इंग्रजी मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचते, विहिरीतून वाटीने पाणी काढावे तसे. वेळ लागतो, पण तहान भागते.

प्रत्येक जातीला उभे करायची रीत वेगळी आहे. फॉक्स टेरियर म्हणून एक लहान कुत्रे असते. त्याच्यामागे माणूस गुडघे टेकून बसतो आणि त्याची शेपूट दोन बोटांत उभी धरतो, उदबत्तीसारखी. कॉकरची शेपूट आडवी, पाठीच्या रेषेत धरायची. डॅशहाऊंडचे पाय इतके आखूड की त्याला टेबलावर चढवतात, कारण जज्ज खाली वाकत नाहीत. बॉक्सरचा पट्टा गळ्याशी वर ओढून त्याला छाती काढायला लावतात, नवीन फौजदारासारखी. बुलडॉग समोरून दाखवायचा. मागून पाहावे असे त्याच्यात काही नसावे.

अल्सेशियनचे चित्र मात्र चुकलेले आहे. आडवा उभा आहे, पुढचे दोन पाय ठीक, पण मागच्यातला एक पोटाखाली आणि डावा पार मागे टाकलेला. पाठ उतरती. जणू उठता उठता कोणी हाक मारली आणि तो तसाच थांबला. बाकी सगळ्या चित्रांत कुत्र्याला कोणीतरी धरलेले आहे. या चित्रात माणूसच नाही. पट्टा कागदाच्या कडेपर्यंत जाऊन संपतो.

खाली दोन ओळी आहेत. त्यातला मुख्य शब्द डिक्शनरीत नाही. लागला तेवढा अर्थ असा: 'ही जात ज्याच्यासाठी उभी राहते, तो रिंगणाच्या बाहेर असतो.' इंग्रज लोक कधी कधी उगीच कविता करतात.

९ डिसेंबर

शिकवायला सुरुवात केली. पुस्तकातल्या चित्राप्रमाणे नाही. मी गौळाऊ जातीच्या बैलांच्या घरची मुलगी आहे. आर्वीच्या गुरांच्या प्रदर्शनात बाबांचा खोंड तीन वेळा पहिला आला. खोंड कसा उभा करावा ते मी परकरात होते तेव्हापासून पाहिले आहे. चारी पाय चौरंगाच्या पायांसारखे, पाठ पाटासारखी, मान वर. बाबा म्हणत, "मागचा पाय मागं टाकते, ते जनावर जोताले दगा देते."

जनावर ते जनावर. चार पाय इथेही आणि तिथेही.

वकिलाचा डावा मागचा पाय उचलून उजव्याच्या बरोबरीने ठेवते, "हां" म्हणते, भाकरीचा तुकडा देते. तुकडा गिळला की पाय पुन्हा मागे. आज चाळीस वेळा केले.

१२ डिसेंबर

जज्ज कुत्र्याचे दात पाहतो, छातीवर हात फिरवतो, मग मागच्या बाजूने हात घालून आणखी काही तपासतो. काय तपासतो तो शब्द मी डिक्शनरीत पाहिला आणि पुस्तक मिटले.

मग कुत्र्याला चालवून पाहतो. जाताना, येताना, बाजूने. मला पाहायला आले तेव्हा यांच्या मामीने पाण्याच्या निमित्ताने असेच तीनदा चालायला लावले होते. दातही पाहिले, सुपारी देऊन. मी तेव्हा चौरस उभी होते. पास झाले.

२० डिसेंबर

प्रगती आहे. अंगणात आता शंभर मोजेपर्यंत चौरस उभा राहतो. पण संध्याकाळी सगळे धुऊन जाते. साडेपाचला दवाखाना बंद झाल्याची घंटा झाली की हा फाटकाशी जातो आणि उभा राहतो. कान वर, मान रस्त्याकडे, डावा पाय मागे. अगदी त्या चुकलेल्या चित्रासारखा. अंधार पडेपर्यंत तसाच. वाईट खोड जनावर एका ठिकाणी शिकले की सगळीकडे करते, म्हणून मी आता तिथेही जाते आणि पाय पुढे आणून ठेवते.

दवाखान्याचा शिपाई तानबा कुंपणाला टेकून पाहत होता.

"काऊन वयनी, बैल बनवून राह्यल्या का त्याले?"

"तुले काय कळते त्यातलं?"

"मले काई नाई कळत. पण रूपरावभाऊ हातच नोते लावत त्याले. मी पट्टा धरो, आन् भाऊ..."

"तुले गोठा झाडायचा हाय ना?" मी म्हटले. तानबाला एक गोष्ट सांगायला दोन विड्या लागतात, आणि तेवढ्यात त्याचे काम दुसऱ्याने केलेले असते. गेला.

२ जानेवारी १९७९

डायरीची पाने संपली. आता शेवटी वजन-मापांची कोष्टके आहेत, त्यांच्या पाठीवर लिहिते आहे.

खोड मोडली. आज आठ दिवस झाले, साडेपाचची घंटा होते आणि वकील फाटकाशी जात नाही. ओट्यावर हनुवटी टेकून पडून राहतो. उठ म्हटले तर उठतो आणि लगेच चौरस उभा राहतो, न सांगता. बाबांनी पाहिला असता तर पाठीवर थाप मारली असती.

खाणे थोडे कमी झाले आहे. थंडीमुळे असेल.

८ जानेवारी

सुलोचनाबाई आल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, वाचनालयात माझ्याआधी पुस्तक नेऊन उशिरा परत करणाऱ्या. मुले झाली नाहीत, यजमान गेले, दोन गल्ल्या पलीकडे घर आहे. त्यांनी पुन्हा तेच सांगितले. "अहो मनकर्णाबाई, माझी मागची खोली रिकामी आहे. तुमचं पेन्शन आहे. कुत्र्यासकट या. मला काही त्याचं भय नाही, मी तीस वर्षं सातवी ब शिकवली आहे."

मी म्हटले, भावाचे घर असताना बाई भाड्याने राहिली तर लोक त्याच्या तोंडात शेण घालतील. बबनने हेच शब्द वापरले होते.

"आणि तुमच्या तोंडात काय घालतील?"

मी चहा ठेवायला उठले. जाताना त्यांनी वकिलाकडे पाहिले. "हा असा खुर्चीसारखा का उभा आहे?"

"शिकवलं आहे."

"हो का," त्या म्हणाल्या. शिक्षकांना दुसऱ्याने शिकवलेले आवडत नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. दार लोटून घेतले. वकिलाला तीळ घातलेली भाकर दिली. हुंगली, ठेवली.

२३ जानेवारी, मंगळवार

रविवारचे आज लिहिते.

प्रभाकररावांचा सरकीचा ट्रक पहाटे नागपूरला जाणार होता, त्यात जागा दिली होती. मी ड्रायव्हरशेजारी, वकील आणि तानबा मागे पोत्यांवर. तानबा दवाखान्याचा खाकी ड्रेस इस्त्री करून आला होता. म्हणाला, "भाऊचं काम हाय, सरकारीच समजा."

मैदानात इतकी कुत्री की भुंकण्याचा एक जाड थर हवेत तरंगत होता. पुस्तकातली सगळी चित्रे तिथे जिवंत होऊन आली होती. टेबलावर डॅशहाऊंड. गुडघ्यांवर बसून टेरियरची उदबत्ती धरलेला एक लठ्ठ गृहस्थ, विजार मागून उसवलेली. पॉमेरियनला कंगवा करणारी बाई, तिच्या स्वतःच्या केसांना वेळ मिळाला नव्हता. मला बरे वाटले. सगळे पुस्तकाप्रमाणे होते.

नोंदणीच्या टेबलावर पोराने विचारले, "नाव?"

"वकील."

"मालकाचं नाही बाई, कुत्र्याचं."

"कुत्र्याचंच. मालकाचं नाव मनकर्णा."

अल्सेशियनच्या रिंगणात नऊ जण होते. मी सातवी. जज्ज फौजेतून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशांचे. दात पाहिले, छाती पाहिली, ते तिसरेही पाहिले. मी तेव्हा समोरच्या झाडाकडे पाहत होते. चालवून पाहिला. मान हलवली, बरी अशी. मग म्हणाले, "खड़ा कीजिए."

मी "हां" म्हटले. वकील उभा राहिला. चारी पाय चौरंगासारखे, पाठ पाटासारखी, मान वर. सहा आठवड्यांत एवढा चांगला कधी उभा राहिला नव्हता.

दोरीपलीकडे कोणीतरी फिसकन हसले.

जज्ज एकदा इकडून आले, एकदा तिकडून. "बहनजी, ये किसने सिखाया?"

"मी."

"ये कुत्ता है. आपने बैल खड़ा किया है."

मी म्हटले, "बैल असता तर पहिला आला असता." त्यांना मराठी कळत असावे, कारण मिशा हलल्या.

तेव्हा मी पहिल्यांदा आजूबाजूला पाहिले. आठही कुत्री डावा पाय मागे टाकून, कान वर करून उभी होती. त्यांना कोणी हातही लावत नव्हते. पट्टे धरणारे नुसते धरून होते. कुत्री त्यांच्याकडे पाहतच नव्हती. ती सगळी दोरीच्या बाहेर पाहत होती.

बाहेर एक सिंधी बाई पावडरच्या डब्यात खडे घालून वाजवत होती. एक म्हातारे गृहस्थ झाडामागून तोंड काढत आणि लपत. दोन मुली "ब्रूनो, ब्रूनो" ओरडत पळत होत्या.

छातीला बिल्ला लावलेला एक मदतनीस माझ्याजवळ आला. "बाई, तुमचं बाहेर कोण आहे?"

"म्हणजे?"

"अहो, याचा माणूस. ज्याच्या तोंडाकडे हा पाहील असा. तो बाहेर उभा राहतो, हाक मारतो, मग कुत्रा आपोआप उभा राहतो. कोणी आणलं नाही का?"

पुस्तकातली ओळ मला तिथे कळली. फॉर्मवरचे माझे नावही कळले. हे लपत नव्हते. हे बाहेर उभे राहणार होते.

आणि फाटकातली ती खोड नव्हती. तो रोज साडेपाचला बरोबर उभा राहत होता आणि मी रोज जाऊन त्याचा पाय पुढे आणत होते.

"बाई? बाहेर कोण आहे?"

"कोणी नाही," मी म्हटले. "होते."

त्याने माझ्याकडे पाहिले, मग कपाळाकडे, आणि बिल्ला नीट करू लागला. तेवढ्यात तानबा दोरीखालून वाकून आत आला. खाकी ड्रेस पाहून त्याला कोणी अडवले नाही. "वयनी, पट्टा द्या इकडं. तुमी बाहीर जा."

"मी? मले पाहून काऊन उभा राहीन थो? सहा हप्ते पाय ओढले मी त्याचे."

"जा तं खरं तुमी. मी तेच सांगून राह्यलतो तवा. मी पट्टा धरो, आन् भाऊ चालत जाये."

मी बाहेर गेले. आता हाक मारायची होती. पण भर मैदानात, परक्या माणसांत, बाईमाणसाने ओरडायचे कसे? मला कळेना काय करावे, म्हणून मी वळले आणि चालू लागले. नळाकडे. तहान लागली होती, तेही खरे.

दहा-बारा पावले गेल्यावर मागचे हसणे थांबले असे वाटले. मी मागे पाहिले.

वकील उभा होता. कान वर, मान लांब, पाठ उतरती, डावा पाय मागे. तानबाच्या हातातला पट्टा ढिला होता. तो माझ्याकडे पाहत होता. झाडाकडे नाही, डब्याकडे नाही, रस्त्याकडेही नाही. जणू मी आता गिरडची गाडी धरणार होते.

मी नळापर्यंत गेले नाही. तिथेच उभी राहिले, आणि मी हलत नाही तोवर तोही हलला नाही. जज्ज त्याच्याभोवती फिरले. तो एवढा वेळ उभा होता की तानबाने पट्टा या हातातून त्या हातात घेतला. तरी नाही.

तिसरा नंबर. पिवळे कार्ड. जज्ज तानबाला म्हणाले, "अच्छा हैंडलर हो. कहाँ सीखा?" तानबा म्हणाला, "जनावराच्या दवाखान्यात, हुजूर," आणि त्याने सलाम ठोकला.

परतीच्या ट्रकमध्ये मी मागे रिकाम्या पोत्यांवर बसले. तानबाला ड्रायव्हरशेजारी बसवले, त्याला आता मान होता. वकिलाने बुटीबोरीपर्यंत माझी चप्पल चाटली, मग झोपला. मी कार्ड हातात घेऊन बसले होते. कार्ड मिळाले म्हणजे तो असल ठरला, असल ठरला म्हणजे निंबाखाली त्याची जागा पक्की झाली. आजन्म. मी जे मागायला गेले होते ते सगळे मला मिळाले होते. मातीतला तो गोल किती गुळगुळीत होता ते मला सारखे आठवत राहिले.

काल सोमवार. सकाळी चूल पेटवली, सडा टाकला, वकिलाला भाकर कुस्करली. ती त्याने संपवली. नऊ वाजता प्रभाकररावांचा माणूस साखळी घेऊन आला. प्रभाकररावांनी कार्ड मागितले होते, म्हणून त्याच्या हाती कार्ड तेवढे पाठवून दिले. साखळी रिकामीच परत गेली. मग बबनला पत्र टाकले आणि सुलोचनाबाईंकडून किल्ली आणून मागची खोली झाडली. साडेपाचला वकिलाला फाटकाशी ठेवून बाहेर गेले, पन्नास पावले चालले, आणि परत आले.